एल्कच्या मांसासाठी घरी शिवलेल्या नायलॉनच्या पिशव्या : वापरून सांगते

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. शिकारीचं मांस हाडं काढून खाली आणणार असाल, ते स्वतःच्या पाठीवर वाहणार असाल आणि घरात शिवणयंत्र असेल, तर कोटिंग नसलेल्या १.१ औंस रिपस्टॉप नायलॉनच्या (म्हणजे सहज न टरकणाऱ्या पातळ कापडाच्या) पिशव्या घरी शिवा. माझ्याकडून पाचात साडेचार तारे. अर्धा तारा कापलाय तो शिवताना हे कापड फार छळतं म्हणून आणि रक्ताचा ओलावा ते पूर्ण अडवत नाही म्हणून. अख्खी मांडी हाडासकट न्यायची असेल तर मात्र विकतच्या पिशव्या घ्या. का ते पुढे येईलच.

मी मूळची कोल्हापूरची, आता कोलोरॅडोत राहते. नवरा आणि मी दोघंही परवाना काढून एल्कच्या शिकारीला जातो, बहुतेक वेळा गनिसनच्या वायव्येला वेस्ट एल्क डोंगरात. हे लिहितेय ते इथे अमेरिकेत शिकार शिकलेल्या किंवा शिकू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इथली व्यवस्था वेगळी आहे. इथे परवाने मोजून दिले जातात, हंगाम ठरलेला असतो आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. म्हणूनच पिशवी महत्त्वाची. जनावर पाडलं की त्याचं मांस नीट घरी आणणं ही तुमची जबाबदारी होते, आणि ती बंदूक खाली ठेवल्यावर सुरू होते.

एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण अंगाने बरंच थोराड जनावर. मोठा नर ७०० पौंडांच्या आसपास भरतो, मादी ५०० च्या. नराची हाडं काढली तरी २०० पौंडांच्या घरात मांस उरतं. वेस्ट एल्कचा मोठा भाग १९६४ च्या कायद्याखाली ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेला आहे. तिथे मोटार नाही, सायकल नाही, मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा चालत नाही. घोडा-खेचर असेल तर ठीक, नाहीतर पाठपिशवीत भरायचं आणि चालायचं, अशा चार-पाच खेपा. पिशव्या तर वर जाताना रिकाम्याच वाहायच्या असतात, कधी कधी आठवडाभर, शिकार मिळो न मिळो. म्हणून वजनाचा विचार.

पण वजन हा दुसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा हवा. मांसाच्या पिशवीकडून तीन कामं अपेक्षित असतात : माती, केस, पाईनच्या सुया बाहेर ठेवणं, माशा बाहेर ठेवणं आणि हवा आत-बाहेर खेळू देणं. पहिली दोन कामं सगळ्यांना आठवतात. तिसरं विसरतात आणि मग मांस घामेजतं, चिकट होतं, मांडीच्या आतल्या बाजूने आंबूस वास मारायला लागतो. पाडलेल्या एल्कचं अंग आतून ३८ अंश सेल्सिअसच्या वर असतं. मांडी जाड, त्यात खुब्याच्या सांध्याजवळची ऊब निघायला सगळ्यात उशीर लागतो आणि नासणं तिथूनच सुरू होतं. हाड काढलं की मांस उघडं होतं, पातळ होतं, लवकर निवतं. पुढचं काम पिशवीचं : उष्णता आणि वाफ बाहेर जाऊ देणं. कचऱ्याच्या प्लॅस्टिक पिशव्या, सिलिकॉनचा लेप असलेलं तंबूचं कापड, कपड्यांच्या जलरोधक थैल्या या सगळ्या इथेच बाद होतात, कितीही हलक्या असोत. काही कचऱ्याच्या पिशव्यांना तर सुगंध आणि जंतुनाशक लावलेलं असतं. ते मांसाला लागू नये.

आमच्या ओळखीचे जुने शिकारी विरळ विणीच्या सुती पिशव्या वापरतात. किराणा दुकानातही मिळतात, स्वस्त असतात. मला त्या अजिबात पसंत नाहीत. ताणल्या की वीण फाकते, माशी बाहेरूनच मांसावर अंडी घालू शकते. ओल्या झाल्या की मांसाला चिकटतात आणि वाळायचं नाव घेत नाहीत. घट्ट विणीचा मांजरपाट त्यापेक्षा कितीतरी चांगला, अनेकजण जुने उशीचे अभ्रेही वापरतात आणि गाडीरस्त्यापासून अर्ध्या मैलावर शिकार असेल तर अभ्र्यात काहीच वाईट नाही. पण सुती कापड जड, रक्त-पाणी पिऊन आणखी जड, आणि वर थंडीत रात्रभर टांगलं तर सकाळी कडक फळकूट हातात येतं.

मग कापड कोणतं? मी तीन प्रकार शिवून वापरले.

पहिली डासांच्या तंबूची बारीक जाळी. सगळ्यात हलकी, हवा सगळ्यात छान. पण फांदीला अडकली की धागा ओढला जातो आणि रक्त सरळ बाहेर झिरपतं. जीभ, काळीज, आतली दोन कोवळी लांबटं (कण्यालगतच्या मऊ मांसाचे लांब तुकडे) अशा छोट्या गोष्टींसाठी जाळी उत्तम. मोठ्या वजनाला नको.

दुसरं, खिडकीच्या झिरझिरीत पडद्याचं पॉलिएस्टर. पुष्कळांची ही आवडती युक्ती आहे, कारण जुन्या सामानाच्या दुकानात पडदे एक-दोन डॉलरला मिळतात. कापड म्हणून ते चांगलं निघालं : मजबूत, हवेशीर, ओलं झालं तरी सैल पडत नाही. पण पडद्यांवर कारखान्यात कोणती प्रक्रिया झाली आहे ते कळायला मार्ग नसतो. आग लवकर लागू नये म्हणून काही पडद्यांना रसायनं लावतात. खायच्या वस्तूला लागणारं कापड असं अंधारात घेणं मला पटत नाही, म्हणून तो संच मी आता तंबूतल्या कपड्यांसाठी वापरते.

तिसरं हे १.१ औंस रिपस्टॉप. आकडा एका चौरस यार्डाच्या वजनाचा, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३७ ग्रॅम. विणीत दर थोड्या अंतरावर जाड धाग्याची चौकट असते, त्यामुळे भोक पडलं तरी ते चौकटीपाशी थांबतं, कापड टरकत जात नाही. मागवताना तीन गोष्टी विचारून घ्या : कोटिंग नको, पाणी ओघळून जाण्याचं फिनिश नको आणि गरम रुळाखालून दाबून गुळगुळीत केलेलं कापड नको. हे शेवटचं लोक विसरतात. असं दाबलेलं कापड पिसांच्या जॅकेटसाठी असतं, पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून त्याची छिद्रं मुद्दाम बसवलेली असतात. हातात आलं की परीक्षा सोपी आहे. कापडाचा एकच पदर ओठांवर घट्ट धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि फुंका. फुंकर तळहाताला स्पष्ट लागली पाहिजे. गाल फुगले आणि तळहात कोरडा राहिला तर ते कापड मांसासाठी नाही. मी दोन ऑनलाइन दुकानांना ईमेल करून फिनिशबद्दल विचारलं होतं. एकाने दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर दिलं, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. कापड कुठून घेतलं ते सांगायला नको. रंग पांढरा किंवा फिकट राखाडीच घ्यावा. गडद रंग उन्हात तापतो आणि त्यावर घाण दिसत नाही. फिकट कापडावर अंडी, चिखल, रक्ताची नवी ओल सगळं लगेच दिसतं.

आता कापणी. कापडाचा पन्हा ५८ इंच मिळाला. ६४ इंच लांबी घेतली की पन्ह्यात २२, २२ आणि १४ इंचाच्या तीन पट्ट्या बसतात, काही वाया जात नाही. प्रत्येक पट्टी लांबीत मधोमध दुमडायची, म्हणजे तळाला शिवणच येत नाही. सगळा भार तळावर असतो आणि तिथे घडी असलेली केव्हाही बरी. दोन्ही बाजूंना शिवण, वर दोन्ही टोकांना दोन-दोन इंच नेफ्यासाठी. शिवून झाल्यावर मोठी पिशवी साधारण २१ इंच रुंद आणि ३० इंच उंच होते, छोटी १३ इंच रुंद. दोन यार्ड म्हणजे ७२ इंच, त्यातले ६४ वापरले की आठ इंचांची पट्टी उरते. तिच्यावर टाका जुळवून घ्यायचा. चार यार्डांत चार मोठ्या आणि दोन छोट्या पिशव्या. एका एल्कला बरोबर पुरतात : मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन फरे, आणि छोट्या दोनांत पाठीची लांबटं, मानेचं-बरगड्यांचं सुटं मांस. मोठी पिशवी मांडीच्या मांसासाठी मुद्दाम ऐसपैस आहे. ठासून भरली तर मधलं मांस निवणार कसं?

शिवणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पिशवी टिकते की उसवते ते इथे ठरतं. हे नायलॉन निसरडं आहे. टाचण्या लावल्या तर भोकं राहतात, म्हणून कडेला कापडाचे चिमटे लावते. सुई ७०/१० ची, टोकदार, नवी. बोथट सुई टाका गाळते आणि कापड यंत्राच्या भोकात ओढते. दोरा पॉलिएस्टरचा. मी गुटरमानचा वापरते. सुती दोरा नको, तो ओल धरतो आणि कुजतो. टाका अडीच मिलिमीटर. फार बारीक टाके घातले तर हलकं कापड टाक्यांच्या रांगेवरच फाटायला सोपं होतं. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे ओढून धरायची आणि गरज पडली तर खाली पातळ कागद ठेवून शिवायचं, नंतर तो फाडून टाकायचा.

बाजूची शिवण फ्रेंच पद्धतीची घालते. आधी उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप, मग दशा कापून पिशवी उलटी करून त्या शिवणीला आत घेऊन पाऊण सेंटीमीटरहून जराशी जास्त अंतरावर दुसरी टीप. कड पूर्ण झाकली जाते. कच्ची कड ठेवली तर नायलॉनच्या दशा सुटत राहतात आणि ते बारीक केसासारखे धागे ओल्या मांसाला चिकटतात, ते काढणं अशक्य. दोन टिपा असल्यामुळे एक उसवली तरी दुसरी धरून ठेवते.

वरचा नेफा परकराला करतो तसाच. माझ्या आईचं घरी शिवणकाम होतं, व्हिडिओ कॉलवर तिला पहिली पिशवी दाखवली तेव्हा ती कशासाठी आहे हे विचारायच्या आधीच म्हणाली, “अगं, नेफ्याची कड दोनदा दुमड, आणि नाडी निघते तिथे वरून आडवी टीप मार. तिथूनच उसवतं बघ सगळं.” तंतोतंत खरं आहे. नाडी बाहेर येते त्या फटीच्या खालच्या टोकाला मी आता दाट टाक्यांची पट्टी मारते. नाडी पातळ, भडक नारिंगी, तिला छोटं कॉर्ड लॉक, म्हणजे नाडी आवळून धरणारा चिमटा. तळाच्या घडीत बाहेरून रिबनच्या पट्टीचा एक फासा शिवते. घरी आल्यावर पिशवी त्या फाशाने धरून उलटी केली की मांस आपोआप बाहेर येतं, आणि धुतल्यावर वाळत घालायलाही तोच फासा.

एक गोष्ट नीट समजून घ्या : भरलेली पिशवी नाडीवर टांगायची नाही. चाळीस-पन्नास पौंड वजन पातळ नाडीवर आलं तर नेफा फाटणारच. नेफ्याच्या खाली पिशवीची मान मुठीत गोळा करायची, तिला पॅराकॉर्डचा (बारीक पण मजबूत नायलॉन दोरीचा) आवळता फास मारायचा आणि त्या दोरीने टांगायचं. नाडी फक्त तोंड बंद ठेवण्यासाठी.

वजनाचं म्हणाल तर मोठी पिशवी नाडीसकट दीड औंसाच्या आसपास, छोटी औंसभर. सहाही मिळून आठ औंसांच्या जरा वर, म्हणजे पाव किलोच्या आत. अख्खा संच दोन मुठींएवढा होतो आणि पाठपिशवीच्या झाकणात मावतो.

आता रानातलं. सप्टेंबरमध्ये तिथे दुपारी टीशर्टवर फिरता येतं आणि पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फ होतो. संध्याकाळी उशिरा काम आटोपलं की मांस आधी उघड्यावर, स्वच्छ ताडपत्रीवर किंवा झुडपाच्या फांद्यांवर थोडं निवू द्यायचं, मग पिशवीत. लगेच कोंबायचं नाही. ओढ्याजवळ, उत्तरेकडच्या उतारावर, स्प्रूसच्या दाट सावलीत थंड हवा खाली वाहत असते, तिथे आडवी फांदी शोधायची. टांगायला जागा नसेल तर दोन ओंडक्यांवर आडव्या काठ्या टाकून त्यावर पिशव्या ठेवायच्या, खालून हवा गेली पाहिजे. पिशव्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. अस्वलांच्या मुलखात मांस आतड्यांच्या ढिगापासून लांब आणि दुरून दिसेल असं टांगतात, म्हणजे परत येताना आधी दुरून पाहता येतं.

पहिल्यांदा या नायलॉनमधलं मांस सकाळी उघडून पाहिलं तेव्हाच माझा निर्णय झाला. मान सोडली, कापड बाजूला केलं, ते मांसाला कुठेही चिकटलं नव्हतं. मांसाच्या वरच्या अंगाला गडद लाल, जवळजवळ करवंदी रंगाची कोरडी, तकतकीत साल धरली होती. बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नव्हतं. हीच ती साल. ती धरली की माशीला अंडी घालायला ओल मिळत नाही आणि जंतूंनाही वाढायला अवघड जातं. शेजारच्या फांदीवर सोबतच्या मित्राची सुती पिशवी होती. त्याचं मांस चांगलंच होतं, थंडी होती म्हणून. पण कापड सोलून काढावं लागलं आणि खालचा पृष्ठभाग अजून ओलसर होता. तेच डोंगर, तीच रात्र, तेच जनावर, फक्त कापड वेगळं.

दहा-अकरा वाजता ऊन आलं की निळ्या माशा येतात. कापडावर बसतात, फिरतात, पण पलीकडे पोचत नाहीत. त्यांची आवडती जागा मानेच्या चुण्या, जिथे रक्त झिरपून कापड ओलं असतं. तिथे तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढऱ्या अंड्यांचे पुंजके घालतात. दर दोन-तीन तासांनी चुण्या उलगडून पाहायच्या आणि दिसले तर सुरीच्या पाठीने खरवडून टाकायचे. अंडी फुटायला साधारण दिवसभर लागतो, उष्णतेत त्याहून कमी, तेव्हा दिवसातून एकदा पाहणं पुरेसं नाही. मी पाण्यात लिंबूसत्व विरघळवून छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत नेते, मांसाच्या उघड्या बाजूला हलका हात मारते. पृष्ठभाग आंबट झाला की जंतूंचं फावत नाही.

उणिवा सांगते. नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं, त्यामुळे वजनाने पिशवी खाली लोंबते, फास पुन्हा वर सरकवून बांधावा लागतो. रक्त झिरपतं. म्हणून पाठीवर वाहताना पाठपिशवीत आतून जाड साधी प्लॅस्टिकची पिशवी घालते, आणि गाडीपाशी पोचल्या क्षणी मांस त्यातून बाहेर काढते. वाहण्यापुरतीच प्लॅस्टिक, त्यापुढे मिनिटभरही नाही. आणि डाग जात नाहीत. माझ्या पिशव्या आता पांढऱ्या राहिलेल्या नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही.

हाडाचं सांगायचं राहिलं. अख्खी मांडी हाडासकट न्यायची तर नळीचं कापलेलं टोक या पातळ कापडातून आरपार येतं. शिवाय पिशवी खूप लांब लागते. त्यासाठी केरिबू गिअर, आर्गाली यांच्यासारख्यांच्या तयार सिंथेटिक पिशव्या घ्याव्यात. त्यांचं कापड जाड, शिवण पक्की असते. मित्राकडच्या एका पिशवीची शिवण निरखूनच मी आडव्या टिपेची जागा पक्की केली. चांगला संच शंभर डॉलरच्या घरात जातो, माझ्या कापड-नाडी-दोऱ्याचा खर्च त्याच्या निम्म्याहून कमी झाला. पण पैशासाठी शिवू नका. यंत्र नसेल तर ते विकत घेण्यात सगळी बचत जाईल. शिवा ते आपल्याला हवं ते माप मिळतं म्हणून. आमच्या दोघांच्या पाठपिशव्यांचे आकार वेगळे आहेत, माझ्या पिशव्या माझ्या खांद्यांना झेपेल एवढ्याच मांसाच्या आहेत. हे तयार संचात मिळत नाही.

हाड काढणाऱ्यांनी दोन नियम विसरू नयेत. कोलोरॅडोत जनावर नर की मादी याचा पुरावा मांसाच्या मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहावा लागतो. तो तुकडा ज्या पिशवीत जातो तिच्या मानेला मी लाल पट्टी शिवली आहे, म्हणजे वाटेत कुणी तपासायला थांबवलं तर सगळ्या पिशव्या सोडाव्या लागत नाहीत. दुसरं, हरणांना होणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्था पोखरणारा जीवघेणा आजार. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये इथेच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला. मेंदू आणि पाठीचा कणा रानातच सोडून फक्त मांस आणणं त्या दृष्टीनेही बरं, आणि डोक्याचा नमुना तपासणीला द्यावा. निकाल येईपर्यंत आम्ही मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवतो. निकाल आला की पहिलं काम कांदा-लसूण मसाल्यातलं सुकं. एल्कला चरबी फार कमी, तेल जरा हात सोडून घालावं लागतं.

घरी आल्यावर धुणं. आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने रक्त कापडात बसतं. मग बिनवासाचा एन्झाइमचा साबण. क्लोरीनचं ब्लीच नको, नायलॉन कमकुवत होतं. कपडे मऊ करणारं औषध अजिबात नको, ते छिद्रं बुजवतं आणि वास मागे ठेवतं. सावलीत वाळवा, कडक उन्हाने नायलॉन विरतं. घडी घालण्याआधी पिशवी खिडकीसमोर ताणून धरा, शिवणीजवळ उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे पुन्हा एक टीप मारा.

आणि कापड जून-जुलैतच मागवा. हंगाम जवळ आला की फिकट रंग आधी संपतात आणि उरतो तो काळा.